धुळ्याहून खाजणापर्यंत: उंची मोजण्याचा माझा अनुभव

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रबंधिकेसाठी मी तापीच्या मुखाजवळच्या खाजणाची उंची हा विषय घेतला, तेव्हा घरच्यांपासून विभागातल्या शिपायांपर्यंत सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, की साक्री तालुक्यातल्या मुलीचा समुद्राशी काय संबंध? प्रश्न रास्त होता. तोवर मी समुद्र दोनदाच पाहिला होता, आणि समुद्रसपाटी हा शब्द रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर, गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत वाचला होता, तेवढाच. माझे उत्तर ठरलेले असे: मुलताईहून निघालेली तापी ७२४ किलोमीटर वाहते, त्यातला मोठा टप्पा खानदेशातून जातो, आमची पांझरा तिला मुडावदजवळ मिळते, म्हणजे आमच्या शेतांतून पावसाळ्यात वाहून जाणारी माती जिथे पोहोचते तिथलीच मोजणी मी करणार आहे. हे उत्तर मी पाठ केले होते. त्यातली मेख मला वर्षभराने कळली.

खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी खारी, चिखलट जमीन. तिथे कोणती वनस्पती कुठे उगवेल हे तिच्या मुळांवर पाणी किती वेळ उभे राहते यावर ठरते, आणि ते पाणी किती वेळ राहील हे जमिनीच्या उंचीवर. भरती येताना गाळ आणते, वनस्पती तो अडवतात, मुळे आणि कुजलेला पाला त्यात भर घालतात, आणि खाजण हळूहळू वर चढते. आता समुद्रही चढतो आहे. हवामान बदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीच्या सहाव्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली, आणि २००६ ते २०१८ या वर्षांत हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला होता. खाजण त्या वेगाने चढत राहिले तर टिकते, मागे पडले तर आधी त्याच्या खालच्या कडेची झाडे मरतात आणि मग तो चिखल उघडा पडतो. त्यामुळे आज त्याची उंची नेमकी किती आहे हे आधी माहीत असावे लागते. विमानातून लेझरने मोजणी करता येते, परंतु दाट गवतात लेझरचे किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत आणि गवताच्या शेंड्यालाच जमीन समजले जाते. ती चूक काही सेंटीमीटरची, कधी त्याहून मोठी असते, आणि इथे तर सगळा खेळच सेंटीमीटरांचा आहे. म्हणून लेव्हल, म्हणजे आडव्या रेषेत पाहणारी दुर्बीण, आणि स्टाफ, म्हणजे तिच्यातून वाचायची उभी मोजपट्टी, घेऊन चिखलात उतरावे लागते.

आमच्या सरांनी पहिली अट घातली, की पांझरेकाठी बंद फेरा नीट जमल्याशिवाय समुद्राकडे जायचे नाही. बंद फेरा म्हणजे एका ठरावीक बिंदूपासून उंची नेत नेत पुन्हा त्याच बिंदूवर यायचे. परत आल्यावर फरक शून्य यायला हवा, पण तो कधीच येत नाही. किलोमीटरमधील अंतराचे वर्गमूळ काढून त्याला १२ ने गुणले की जितके मिलिमीटर येतात, तितकी चूक साधारणपणे चालवून घेतात. आमचा फेरा १.६ किलोमीटरचा होता, म्हणजे १५ मिलिमीटरपर्यंत माफ. माझी पहिल्या दिवशीची चूक आली ३१. दुसऱ्या दिवशी २८. मी फील्डबुकातल्या बेरजा चार वेळा तपासल्या आणि स्टाफ धरणाऱ्या मैत्रिणीशी भांडलेही, त्याची मला आजही लाज वाटते.

दोष उपकरणात होता. ऑटो लेव्हल भाड्याने आणलेली होती, आणि ती हाती आल्यावर सर्वांत आधी जी चाचणी करायची ती मी आळसाने केली नव्हती. कॉलेजच्या मैदानावर ६० मीटरवर दोन खुंट्या ठोकल्या आणि लेव्हल बरोबर मध्ये लावली. स्टाफवरचे वाचन पहिल्या खुंटीवर १.४२५ मीटर, दुसरीवर १.३१०, फरक ०.११५. हा फरक खरा, कारण दोन्ही बाजूंचे अंतर सारखे असल्याने दुर्बिणीचा कल दोन्हीकडे सारखाच चुकवतो आणि वजाबाकीत निघून जातो. मग लेव्हल उचलून पहिल्या खुंटीला अगदी लागून लावली. तिथे १.५०२ वाचले, म्हणजे दुसरीवर १.३८७ दिसायला हवे होते, दिसले १.३९९. साठ मीटरांत १२ मिलिमीटर. आमची लेव्हल क्षितिजाकडे न पाहता किंचित आभाळाकडे पाहत होती, आणि मी काही टप्प्यांवर मागच्या बिंदूचे वाचन वीस मीटरवरून, पुढच्याचे पन्नास मीटरवरून घेत दर वेळी सहा मिलिमीटर स्वतःच्या हाताने वहीत भरत होते. उपकरण दुरुस्त होईपर्यंत दोन्ही अंतरे पावले मोजून सारखी ठेवायला लागले, तेव्हा चूक नऊवर आली. सर काही बोलले नाहीत, फक्त तारीख टाकून सही केली.

याच दिवसांत मी सुट्टीला गावी गेले होते. आमचे आबा फडावरचे पाटकरी होते. पांझरेवरच्या जुन्या बंधाऱ्यांचे पाणी पाटाने फडांत, म्हणजे शेतांच्या पट्ट्यांत, खेळवायचे, आणि तेही पंपाशिवाय, केवळ उताराने, हे काम त्यांनी आयुष्यभर केले. पाटाला कुठे वाळू साचली, कुठे तळ बोटभर खचला, हे त्यांना पाण्याच्या चालीवरून कळायचे. मी त्यांना मिलिमीटरचे हिशेब सांगितले, त्याचे त्यांना मुळीच नवल वाटले नाही. त्यांना नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. "समुद्र ते बठ्ठीकडे सारखाच ऱ्हास ना? मंग मोजाले काय ऱ्हायनं?" समुद्र सगळीकडे सारखाच, मग मोजायचे काय राहिले, असा त्यांचा प्रश्न. मी हसून विषय बदलला. उत्तर मला नीट येत नव्हते, हे खरे कारण.

जानेवारीत आम्ही तिघे एसटीने निघालो. साक्रीहून कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूर, आणि पुढे सुरत. ट्रायपॉड मागच्या सीटखाली गेला, पण स्टाफच्या लांब पिशवीत काय आहे हे कंडक्टरला दोनदा सांगावे लागले. सुरतेत उधन्याला माझी मावशी राहते. त्या भागात इतके खानदेशी लोक आहेत की गल्लीत अहिराणीच कानावर पडते, आणि पहाटे चारला निघताना कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून मिळतो. परवानगीच्या कागदांबद्दल लिहीत नाही; दोन महिने गेले आणि मिळाल्या, एवढे पुरे.

भरतीचे गणित तिथीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तर अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढते आणि कमी उतरते. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक देशात सर्वांत मोठा आहे. आत भावनगरकडे तो उधाणाला दहा मीटरच्याही वर जातो. आम्ही अष्टमीनंतरचे तीन दिवस निवडले, कारण खाजणाचा वरचा भाग तेव्हा कोरडा राहतो आणि खालच्या कडेला ओहोटीचे दोन-तीन तास मिळतात. खाडीच्या काठापासून मागच्या बांधापर्यंत एक सरळ रेषा आखली, आणि तिच्यावर दर पाच मीटरला एक वाचन, शिवाय जिथे वनस्पती बदलते किंवा ओहळ आडवा येतो तिथे जादा वाचन घ्यायचे ठरवले. खाली तिवरे, मग आखूड गवत, मग मांसल पानांची बुटकी झुडपे. दोनशे मीटरमध्ये जमीन जेमतेम कमरेइतकी चढत होती, आणि एवढ्याशा चढात तीन वेगवेगळी रानं बसली होती.

पांझरेच्या वाळूने जे शिकवले नव्हते ते इथल्या चिखलाने पहिल्या तासाभरात शिकवले. मैत्रिणीने स्टाफ उभा केला, मी १.८४२ वाचले, वहीत लिहिले आणि सवयीने पुन्हा पाहिले तर १.८६१. स्टाफ स्वतःच्या आणि तिच्या हाताच्या वजनाने १९ मिलिमीटर खाली गेला होता. समुद्राच्या पाच वर्षांच्या वाढीएवढा! असे होणार हे वाचले होते, म्हणून धुळ्यातल्या एका वर्कशॉपमधून वीतभर चौरस लोखंडी पत्रा कापून, मध्ये एक गोल बटण वेल्ड करून आणले होते. पण तो पहिल्या दिवशी मावशीकडेच राहिला, त्यामुळे त्या दिवसाची पंचवीस वाचने फुकट गेली. दुसऱ्या दिवशी पत्रा चिखलावर अलगद ठेवून त्याच्या बटणावर स्टाफ टेकवला, मग आकडा हलेना. लेव्हल जिथून पुढे न्यायची त्या बिंदूंवर मात्र पत्र्याचाही भरवसा नव्हता, तिथे हातभर लांबीच्या लाकडी खुंट्या ठोकल्या. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली फळ्या आल्या, आणि मी स्वतः एका चौथ्या फळीवर उभी राहिले, कारण मी पाय हलवला की जवळचा चिखल हलत असे आणि वाचन बदलत असे. हे सारे पुस्तकात एका वाक्यात असते.

बांधावर आम्ही एक खूण पक्की केली: काँक्रीटच्या जुन्या खांबाच्या पायथ्यावर लाल रंगाचे वर्तुळ आणि त्यात ठोकलेला पोलादी खिळा. बाकी सगळ्या उंची या खिळ्यापासून. पण खिळ्याची उंची किती? जवळपास सर्व्हे ऑफ इंडियाची उंचीची खूण सापडली नाही, म्हणून खिळ्यावर उपग्रहांचे संकेत टिपणारा जीएनएसएस रिसीव्हर चार तास ठेवला. उत्तर आले ते उणे पन्नास मीटरहूनही खाली. सोबतचा मित्र म्हणाला, "आपण बुडालो की गं." उपग्रह पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत लंबगोलापासून उंची सांगतात, आणि गुरुत्वाकर्षणाने ठरणारी समुद्रपातळी आपल्या देशात त्या लंबगोलाच्या कित्येक मीटर खाली भरते. दोन्हींतला फरक प्रतिमानातून काढून तो जुळवावा लागतो. हे मला माहीत होते, तरी पडद्यावर उणे आकडा पाहून पोटात गोळा आला.

धुळ्याला परतल्यावर मी आलेख काढला. एका रेषेवर खाजणाचा उतार, वर भरतीच्या तक्त्यातून घेतलेली उधाणाची पातळी. आलेखाप्रमाणे बांधाजवळची झुडपे दर उधाणाला तीन मीटरहून खोल पाण्यात जात होती, आणि बांध तर केव्हाच वाहून गेलेला असायला हवा होता. मी दोन दिवस लेव्हलच्या बेरजांत चूक शोधत बसले. उत्तर होते फोटोत. झुडपांच्या अगदी पायथ्याशी वाळलेल्या काड्या, थर्माकोलचे तुकडे आणि एक चप्पल यांची सरळ ओळ पडलेली होती. पाणी तिथपर्यंतच आले होते आणि तिथूनच फिरले होते. म्हणजे माझा उतार बरोबर आणि पाणी चुकीचे. भरतीचे तक्ते जहाजांसाठी असतात, आणि त्यांचा शून्य हा सरासरी समुद्रपातळीचा नसून जवळपास सर्वांत खालच्या ओहोटीचा असतो, म्हणजे नकाशावरची खोली कधी फसवू नये. मी दोन वेगळ्या शून्यांवरून मोजलेल्या दोन उंची एका कागदावर ठेवल्या होत्या. खाडीत आम्ही रोवलेल्या पट्टीवर मैत्रिणीने दर दहा मिनिटांनी पाण्याची पातळी टिपली होती, आणि ती पट्टी खिळ्याशी जोडलेली होती, म्हणून दोन्ही शून्यांमधले अंतर निदान अंदाजाने लावता आले. त्या कंटाळवाण्या कामाला मी तेव्हा नाके मुरडली होती.

आबांचे उत्तरही यातच होते. समुद्र सगळीकडे सारखा नसतो. देशभरच्या उंचीच्या खुणांचे हिशेब १९०९ मध्ये एकमेकांशी जुळवले तेव्हा नऊ बंदरांवरची सरासरी समुद्रपातळी शून्य धरली गेली, आणि ती नऊही ठिकाणे खरोखर एका पातळीवर नाहीत हे माहीत असूनही व्यवहारासाठी ती एका पातळीवर आहेत असे मानले गेले. होळीला गावी गेल्यावर मी हे आबांना सांगितले. ते म्हणाले, पाटाच्या डोक्याशी एक दगड असतो, त्यालाही आम्ही मानतोच.

प्रबंधिकेच्या तोंडी परीक्षेत मला विचारले गेले, की मग खाजण चढते आहे की बुडते आहे? मी सांगितले, की एका मोजणीवरून ते सांगता येत नाही. वर्षाला तीन-चार मिलिमीटरचा बदल आणि माझ्या मोजणीतली चूक त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्यासाठी चिखलात पार खाली, आणखी जाईनाशी होईपर्यंत, पोलादी कांबी ठोकून त्यावर आडवा दांडा बसवतात आणि त्याच्या नऊ सळया चार दिशांना जमिनीवर टेकवून छत्तीस वाचने घेतात, तीच छत्तीस ठिकाणे वर्षानुवर्षे. आमच्याकडे ते नव्हते. परीक्षकांनी दुसरा प्रश्न विचारला तो गाळाचा, आणि तिथे माझे ते पाठ केलेले उत्तर अडखळले. १९७२ पासून उकाईचे धरण तापीवर उभे आहे, वर भुसावळजवळ हतनूर आहे, मध्ये प्रकाशा आणि सारंगखेड्याचे बॅरेज आहेत. आमच्या शेतांतली माती आता बरीचशी उकाईच्या जलाशयातच बसते. खाजणाला जो गाळ मिळतो त्यात नदीचा वाटा किती आणि भरतीने किनाऱ्यावरून ओढून आणलेला किती, हे माझ्या मोजणीच्या बाहेरचे होते आणि तसे मी कबूल केले. गुण बरे मिळाले.

या डिसेंबरात विभागातले दोन विद्यार्थी तीच रेषा पुन्हा मोजायला गेले होते. खिळा जागेवर आहे, लाल रंग बराच उडाला आहे, आणि त्यांचा फेरा ११ मिलिमीटरवर बंद झाला. पत्रा त्यांनी विसरू नये म्हणून मी तो आदल्या रात्रीच ट्रायपॉडला तारेने बांधून दिला होता.