प्रार्थनेत मोजलेले बीट

रविवार, रात्री

"पप्पा, प्रार्थना चालू असताना तू बोटं कसली मोजत होतास?" रिबेकाने जेवताना विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पापड मागितला. शीला हसली. मला हसू आलं नाही.

मोजत होतो, हे खरं. पाळकसाहेब मध्यस्थीची प्रार्थना करत होते, पेटीवर हलकासा सूर धरलेला होता, आणि पांढरी सहा या पट्टीवर एकदम वाजणाऱ्या दोन पितळी जिभांपैकी खालच्या सप्तकातला खर्ज वरच्या नराला सोडून चाललाय हे एकदा कानात शिरलं ते निघेचना. नर 440 वर असेल तर खर्ज बरोब्बर 220 वर हवा. तो अर्धा हर्ट्‌झ जरी उतरला तरी त्याचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट कंपनांचा उपस्वर, 439 वर येतो आणि सेकंदाला एक बीट, म्हणजे आवाजाचा एक चढउतार, पडतो. मग आजारी माणसांची नावं, परीक्षेला बसलेल्या पोरांची नावं, सगळी त्याच ठेक्यावर ऐकू येतात. आमेन कधी झालं ते शेजारच्यांनी डोळे उघडले तेव्हा कळलं.

मग माझी प्रार्थना झाली की नाही?

कंपनीत याच कानाचं कौतुक होतं. कूलिंग टॉवरचे दोन पंप शेजारी चालतात, एकाची मोटर 1482 आरपीएमवर, दुसरीची 1476 वर. फरक सहाचा, म्हणून घुमणं दर दहा सेकंदांनी चढतं आणि उतरतं. नवीन पोरं बेअरिंग गेलं म्हणून घाबरतात. मी दारातूनच सांगतो, काही झालेलं नाही, दोघांच्या वेगातला फरक आहे. तोच कान रविवारी सकाळी काढून कुठे ठेवायचा?

आणि ठेवला तर पेटीकडे बघणार कोण? वार्षिक सभेत फुलांचा खर्च वाचला जातो, माइकचा वाचला जातो. पेटीचा ओळीत येत नाही, कारण तिची दुरुस्ती मी करतो आणि बिल देत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं भजनी चालीवर घोळवून म्हणताना सगळी मंडळी तिच्याच सुरावर उभी असते, पण सूर हलला हे... जाऊ दे. शीला म्हणते, तुला बिल द्यायचं नाही आणि आभारही हवेत. बाबांविषयीही ती काहीतरी म्हणाली, ते आत्ता लिहीत नाही.

स्वतःची बाजू घ्यायला म्हणून बायबलमधला निर्गम 31 काढला. बसालेलाला देवाने आपल्या आत्म्याने भरलं ते सोनं, रुपं, पितळ यांच्या कारागिरीसाठी. पितळसुद्धा आहे! खूश होऊन पुढे वाचत गेलो तर त्याच अध्यायात लगेच शब्बाथाची आज्ञा. सहा दिवस काम कर, सातवा माझा. कारागिराला हातात कसब दिलं आणि त्याच दमात हात थांबवायलाही सांगितलं. अध्याय अर्ध्यावर मिटायला हवा होता.

हात मी थांबवतोच, रविवारी पेटी कधी उघडत नाही. कानाचं काय, हाच प्रश्न आहे. डोळे मिटता येतात.

खर्ज उतरला याचं कारण बहुतेक पावसाळाच. दमट हवेत पितळी जिभेवर हिरवट थर धरतो, त्यावर धूळ बसते, टोक जड होतं की सूर उतरतो. म्हणून कानस आधी हातात घ्यायचीच नाही. मऊ ब्रश फिरवायचा, जीभ आणि चौकटीच्या फटीतून पातळ कागद ओढायचा, पेटी बंद करून पुन्हा ऐकायचं. निम्मी तक्रार इथेच मिटते. उरलीच, तर जिभेखाली फीलर गेजची (फट मोजायची) पातळ पट्टी सरकवून टोकाकडे बारीक कानस: टोक हलकं झालं की सूर चढतो. जीभ जिथे ठोकलेली असते त्या रिव्हेटकडे घासलं तर जीभ लवचिक होते आणि सूर उतरतो. एक-दोन हात, बस्स. घासल्याने पितळ तापतं आणि तापलेली जीभ किंचित उतरलेली वाजते, तेव्हा ती निवेपर्यंत मोजायचं नाही. घाईत हमखास जास्त घासलं जातं. तोंडाने फुंकून बघायचं नाही, वाफेने पुन्हा गंज. मोजायचं ते पेटीतच, भाता नेहमीच्या हाताने चालवून, कारण जोर वाढला की सूर थोडा दबतो.

आणि एवढं करूनही पेटी स्वच्छ लागत नाही, ही तर खरी गंमत. समान अंतराच्या पट्ट्यांमुळे गंधार शुद्धापेक्षा सुमारे 14 सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढाच राहतो. मधल्या सप्तकात पांढरी एक आणि पांढरी तीन एकत्र दाबली की सेकंदाला दहाच्या आसपास बीट पडतात. ते काढायचे नसतात. काढायला गेलं तर दुसऱ्या पट्टीत गाणाऱ्याचे हाल. ते दहा बीट मला प्रार्थनेत कधी टोचलेले नाहीत, टोचला तो एकच, जो माझ्या हाताने दुरुस्त होण्यासारखा आहे. यात भक्ती किती आणि खाज किती, हे देवबापाला ठाऊक असणार, आणि शीलाला तर नक्कीच.

शनिवारी गायनमंडळाचा सराव सहाला आहे, त्याआधी दोन तास मिळाले तर पुष्कळ. किल्ली पंचांकडे आहे. पांढरी सहाबरोबर काळी तीनचं झडपही बघतो, चामडं कडक झालंय, पट्टी सोडल्यावरही हवा गळते. रिबेका बरोबर येते म्हणाली. भाता ती मारेल, मोजायला मला दोन्ही हात मोकळे.