आमची फेज गेली, समोर लाईट आहे

लाईट गेली की आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतला माणूस मेणबत्ती शोधत नाही, आधी गॅलरीत जातो. समोरच्या बिल्डिंगमध्ये अंधार दिसला की निवांत होतो. सगळ्यांची गेलीय, येईल. समोर दिवे दिसले की मात्र पित्त खवळतं.

एप्रिलातल्या त्या रात्री समोर दिवे होते. आमच्याच बिल्डिंगमध्ये शेजारच्या फ्लॅटचा टीव्ही चालू होता आणि आमचा पंखा थांबलेला. नऊ वाजायला दहा मिनिटं कमी. खालून आवाज आला, "आर फेज गेली हो!"

गल्लीत वीज आर, वाय, बी अशा तीन तारांतून, म्हणजे फेजांतून येते, आणि एकेक घर त्यांतल्या एकीवर असतं. पुढं जे झालं ते प्रत्येक अपार्टमेंटमध्ये होतं. दोघं-तिघं मोबाइलचा टॉर्च घेऊन मीटर रूममध्ये शिरले आणि आपापली घरं दुसऱ्या फेजवर घेऊन आले. दहा मिनिटं लाईट. मग तीही फेज डिम झाली, बल्ब पिवळे पडले, फ्रिज कण्हायला लागला. मी ओरडलो, "अरे, थांबा, तीपण घालवाल!" माझं कोण ऐकतंय.

माझा शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचा गाळा आहे. ३१ वर्षं जळालेल्या मोटरी उघडतोय. त्यामुळं लाइनमन आला तेव्हा त्याच्याबरोबर गल्लीच्या तोंडाला डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबांपाशी गेलो. बॉक्समधलं आर फेजचं किटकॅट, म्हणजे फ्यूज, वितळून काळं झालं होतं. त्यानं नवीन तार घातली, लाईट आली. "टाँग टेस्टर आहे काय तुमच्याकडं?" म्हणाला. तारेला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा तो, माझ्या डिकीत असतोच. तिन्ही फेजांना लावला. आर २८५ अँपिअर, वाय १५०, बी १७०.

आमच्या डीपीचा ट्रान्सफॉर्मर २०० केव्हीएचा. हिशोब सोपा आहे, पूर्ण लोडला एका फेजमधून २६७ अँपिअर जायला पाहिजेत. म्हणजे वाय आणि बी आरामात बसलेत आणि आर एकटीच ओझं ओढतेय. तिन्ही सारख्या नसल्या की राहिलेला करंट न्यूट्रलमधून परततो. तो मोजला तर सव्वाशेच्या आसपास. लाइनमन म्हणाला, "एवढं काय चालू आहे या फेजवर?"

एसी होतेच. पण एसी गेल्या वर्षीही होते. नवीन काय, ते पार्किंगमध्ये गेल्यावर दिसलं. आमच्याकडं तीन इलेक्ट्रिक गाड्या, समोर दोन. त्या पाचांपैकी चार घरं आर फेजवर. मीटर बसवताना कुणाला कुठली फेज आली हा निव्वळ योगायोग. त्या चारही गाड्यांचे केबल लागलेले होते.

गाडीबरोबर मिळतो तो पोर्टेबल चार्जर साधारण ३.३ किलोवॅटचा, पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लावायचा. चार गाड्या, साठ अँपिअर. २८५ मधून साठ वजा करा, किटकॅट गेलं नसतं. दोष फक्त गाड्यांचा आहे असं मी म्हणत नाही. पण उंटाच्या पाठीवर आधीच एसीचं ओझं होतं.

यात एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या माणसाला चटकन कळते, बाकीच्यांना सांगावी लागते. दीड टनाचा एसी चालू असताना सात-आठ अँपिअर घेतो, पण खोली गार झाली की त्याचा कॉम्प्रेसर थांबतो, मग पुन्हा लागतो. शेजारच्याचा लागतो तेव्हा तुमचा थांबलेला असतो. गिझर दहा मिनिटं, मिक्सर दोन मिनिटं. गल्लीतल्या शंभर घरांचा लोड एकाच क्षणी कधीच लागत नाही, याच भरवशावर गल्लीला एवढासा ट्रान्सफॉर्मर पुरतो. गाडीचा चार्जर मात्र लावला की बॅटरी भरत येईपर्यंत पंधरा अँपिअर म्हणजे पंधराच, मध्ये दम खात नाही. आणि सगळे घरी येतात एकाच वेळी. सात-साडेसातला गाडी लावली, केबल खुपसली, वर जेवायला.

ट्रान्सफॉर्मरचं दुखणं मोटरसारखंच असतं. आत वाइंडिंगवर कागद गुंडाळलेला असतो आणि सगळं तेलात बुडवलेलं. तांबं सहसा मरत नाही, कागद मरतो. करंट दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट होते, कारण ती करंटच्या वर्गानं वाढते. मोटरीत आम्ही ढोबळ धरतो, दहा अंश जादा तापलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं. ट्रान्सफॉर्मरच्या कागदाला तर सहा-सात अंशही पुरतात. तो एका रात्रीत जळत नाही, रोज थोडा करपतो. पूर्वी अकरा-बारानंतर लोड उतरायचा आणि पहाटेपर्यंत डीपी निवायचा. ती झोपच आता कमी होतेय. माझ्या गाळ्यात पंप येतात ना, "काल चांगला चालू होता हो" म्हणत, ते काल नाही, चार उन्हाळ्यांपूर्वीच मरायला लागलेले असतात.

मला सगळे विचारतात, सगळ्यांनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या तर देशात वीज पुरणार काय? ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटपर्यंत गेली होती, तेव्हापासून हा प्रश्न जास्तच. मी त्यांना उसाचं गणित सांगतो. पाच एचपीचा पंप आठ तासांच्या पाळीत तीस युनिटांच्या वर वीज खातो. आमच्या वरच्या मजल्यावरचं पोरगं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जातं, येऊन-जाऊन पंचेचाळीस किलोमीटर. त्याच्या गाडीला त्यासाठी सहा-एक युनिटं लागतात. म्हणजे उसाच्या एका पाळीच्या विजेत ते पाच दिवस कामावर जातं. स्कूटरचं तर नावच काढू नका. माझ्या स्कूटरची बॅटरी तीन युनिटांची, चार्जर पाऊण किलोवॅटचा, इस्त्रीपेक्षाही कमी. प्रश्न युनिटांचा नाहीच. सहा युनिटं म्हणजे दोन तासांचं काम, आणि रात्र आहे दहा तासांची. ते दोन तास सगळ्यांनी आठ ते दहाच का निवडावेत?

बरं, आठ ते दहा ही वरच्या पातळीवरही वाईट वेळ. दिवसभर सोलरची वीज येत असते. सूर्य गेला की ती शून्य, आणि घराघरांत दिवे, टीव्ही, एसी नेमके तेव्हाच लागतात. मग कोयनेसारख्या जलविद्युत केंद्राला हाक मारायची. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट, बटण दाबल्यावर काही मिनिटांत उभी राहणारी. पण पश्चिमेकडं वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. ते पाणी जपून वापरायचं असतं, आणि आम्ही ते झोपेत वापरता येण्यासारख्या चार्जिंगला आठ वाजता मागतोय.

हायवेवरच्या हॉटेलांपुढच्या मोठ्या फास्ट चार्जरला लोक घाबरतात. साठ किलोवॅटचा एक चार्जर म्हणजे वीस-पंचवीस घरांचा लोड, खरं आहे. पण असलं मोठं कनेक्शन घेताना आधी लोड मंजूर करून घ्यावा लागतो, बहुतेक ठिकाणी स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर बसतो. केएमटीला, म्हणजे आमच्या शहर बससेवेला, पीएम ई-बस सेवेतून १०० बस मंजूर झाल्यात, त्यांच्याही डेपोची वीज कागदावर आखूनच येणार. घरातलं चार्जिंग मात्र कुणाला न विचारता सुरू होतं. मंजूर लोड तीन किलोवॅटचा, त्यावर दोन एसी, गिझर आणि आता ३.३ ची गाडी. मंजूर लोड वाढवून घेतला तर निदान वीज कंपनीच्या कागदावर तरी येतं की या गल्लीत ओझं वाढलंय. आमच्या पाचांपैकी एकानंही वाढवला नव्हता.

वायरिंगचंही सांगून टाकतो. खालच्या मजल्यावरच्या सरांनी पार्किंगमधल्या जुन्या सॉकेटला गाडी लावली होती. दीड महिन्यात सॉकेट चॉकलेटी झालं, प्लग काढला तर पिना चटका देत होत्या. आत अडीच एमएमची वायर, जोड ढिला. आठ-आठ तास पंधरा अँपिअर घ्यायचे असतील तर मीटरपासून थेट चार एमएमची वेगळी वायर ओढा, स्वतंत्र एमसीबी लावा, अर्थिंग तपासून घ्या. गाडीला पंधरा लाख घालणारा माणूस वायरीच्या दोन हजारांसाठी घासाघीस करतो, ते बघवत नाही.

तर आम्ही केलं काय? सोसायटीची मीटिंग झाली. नेहमीप्रमाणं पहिला अर्धा तास पाण्याच्या टाकीवर गेला. मग दोघं म्हणाले, चार्जिंगच बंद करा. गाडीवाले भडकले. मी भारनियमनाच्या वर्षांची आठवण काढली. उद्योगांच्या सुट्ट्या राज्यभर वेगवेगळ्या वारी का असतात? पिंपरी-चिंचवडला गुरुवार, आमच्याकडं सोमवार. सगळ्यांचे कारखाने एकाच दिवशी बंद आणि बाकी सहा दिवस एकदम चालू नकोत म्हणूनच की. तेवढ्यात गडमुडशिंगीला शेती असलेले आमचे एक अण्णा म्हणाले, "एवढं काय अवघड आहे? पाण्याला लावतो तशी पाळी लावा."

आणि पाळी लागली. मीटर रूमच्या दारामागं दोऱ्याला बांधलेली दोनशे पानी वही आहे. संध्याकाळी सहा ते अकरा कुणीही गाडी लावायची नाही. अकरा ते दोन एक गाडी, दोन ते पाच दुसरी. रात्री उठायला नको, गाडीच्या ॲपमध्येच वेळ लावता येते. ती सोय तिघांनाही माहीत नव्हती. कागलला जाणाऱ्या त्या पोरानं पाच मिनिटांत तिघांच्या गाड्यांत लावून दिली. सर रिटायर्ड, त्यांची गाडी दिवसभर उभीच असते. त्यांना दिवसाची पाळी दिली. १ जुलै २०२५ पासून वीज नियामक आयोगाच्या आदेशानं टीओडी, म्हणजे वेळेप्रमाणं वापर मोजणारे, मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागं ८० पैशांपासून सूट लागू झाली, हे त्यांना कळल्यावर तर ते दुपारी वॉशिंग मशीनही लावायला लागले. नव्या मीटरांना आमच्याकडं विरोध आहे, मोर्चेही निघालेत, बिलाची धास्ती मलाही आहेच. पण वेळेप्रमाणं दर ही कल्पना मला चुकीची वाटत नाही. कारखान्यांना हे कधीपासून आहे. माझी स्कूटर मी दुपारी गाळ्यातच लावतो.

समोरच्या बिल्डिंगनं आधी नाकं मुरडली, मग आमच्या वहीचा फोटो काढून नेला. लाइनमननं एका सोमवारी दुपारी येऊन आर फेजवरची काही घरं वाय आणि बीवर सरकवली. हे काम खरं तर सगळ्यात महत्त्वाचं होतं आणि त्याला लागला एक तास. मे महिन्यात रात्री नऊला आम्ही दोघांनी पुन्हा टाँग टेस्टर लावला. आर २००, वाय १७०, बी १७५. मला राहवलं नाही म्हणून रात्री दीडलाही रीडिंग घ्यायला गेलो, गाड्या चालू असतानाची. तिन्ही दीडशेच्या खाली. गल्लीतली कुत्री तेवढी मागं लागली.

दिवाळीत पुण्याहून लेक-जावई आले. नवीन गाडी, इलेक्ट्रिक, हायवेवर एकदा चार्ज करूनही जेमतेम वीस टक्के उरलेली. साडेसातला जावईबापूंनी डिकीतून केबल काढला आणि विचारलं, "बाबा, पॉइंट कुठाय?" मी दाखवला. पाळीचं बोलणार होतो, तेवढ्यात आतून ही म्हणाली, "आल्या आल्या सुरू करू नका तुमचं." गप्प बसलो. त्यांचं फराळाचं ताट वाढून होईस्तोवर खाली जाऊन वहीत लिहिलं : पाहुण्यांची गाडी, ७.३० ते ८.१०, पुढं ११ नंतर. आठ वाजून दहा मिनिटांनी केबल मीच काढला.