उजळलेलं बाळ

धनकवडीत माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. त्या बुधवारी गोवर-रुबेलाच्या लशीसाठी नऊ महिन्यांचं एक बाळ आलं. साडेनऊ किलो वजन, मनगटाला वळ्या. सुई टोचली तसं ते जोरात रडलं आणि रडता रडता त्याचा श्वासच अडकला. ओठ निळे पडले, अंग ढिलं. आई किंचाळली. मी त्याला कुशीवर घेतलं. अर्ध्या मिनिटात श्वास आला, पण ते अर्धं मिनिट फार लांबलं.

"घरी असं कधी झालंय?"

"दोनदा झालं, मॅडम. हट्टी आहे म्हणून होत असेल, असं वाटलं."

रडताना असा श्वास कोंडणाऱ्या बाळांत लोहाची कमतरता बरेचदा सापडते. मी त्याचा तळहात उघडून माझ्या तळहाताशेजारी धरला. रेषांमध्येसुद्धा गुलाबी छटा नव्हती. खालची पापणी ओढून पाहिली, तीही पांढुरकी. आजी मात्र कौतुकानं सांगत होत्या, "जन्मला तेव्हा सावळा होता हो, आता बघा कसा उजळलाय! दृष्ट नको लागायला, म्हणून रोज तीट लावते." कपाळावरची ती काळी तीट कागदावर शाई सांडावी तशी उठून दिसत होती.

हिमोग्लोबिन आलं ७.२. या वयात ते ११ च्या आसपास तरी हवं. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, जवळपास संपलेला.

विचारत गेले तसं कळलं, आई पाचव्या महिन्यात कामावर रुजू झाली, तेव्हापासून बाळाला गोठ्यातलं ताजं गाईचं दूध, दिवसाला पाऊण लिटर. पोट दुधानंच भरायचं, खिमट दोन घास. पूर्ण दिवस भरून जन्मलेलं बाळ आईकडून आणलेल्या लोहावर चार-सहा महिने निभावतं. पुढचं अन्नातून यावं लागतं. गाईच्या दुधात लोह जेमतेम, त्यातलं कॅल्शियम उरलेलं शोषू देत नाही, आणि एवढ्या लहान आतड्यातून कधी कधी डोळ्यांना न दिसणारं रक्तही झिरपतं. वजन वाढतं, रक्त नाही.

मला लागलं ते वेगळंच. सहाव्या महिन्यात हेच बाळ मी तपासलं होतं. वजन बघून कार्डावर 'उत्तम' लिहिलं आणि दुधाचं विचारलंच नाही. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप द्यायचं ठरलेलं आहे, तेही सांगायचं राहिलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. हा आकडा मला पाठ होता.

आजींचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "आजी, तुमची चूक नाही. मी विचारायला हवं होतं." लोहाचे थेंब किलोमागे ३ मिलिग्रॅम, दुधापासून लांब, शी काळी झाली तरी घाबरायचं नाही. गाईचं दूध बंद, आईचं दूध चालू. वरणात लिंबाचे चार थेंब, अंडं, मऊ शिजवून कुस्करलेलं मटण.

महिन्यानं हिमोग्लोबिन ९.१ झालं. श्वास पुन्हा अडकला नव्हता. आजींनी स्वतःच त्याची मूठ उघडून मला दाखवली. "आता बंद करायचे का थेंब?" आईनं विचारलं. मी म्हटलं, नाही, साठा भरायला अजून तीन महिने तरी लागतील.