निकोटिनने खरेच लक्ष लागते का?

माझा भाचा इंदूरला भंवरकुआच्या क्लासमध्ये राज्यसेवा परीक्षेची तयारी करतो. गेल्या रविवारी तो आमच्याकडे रामबागेत जेवायला आला, तेव्हा त्याच्या पुस्तकातून निकोटिन गमची, म्हणजे सिगारेट सोडण्यासाठी चघळतात त्या गोळ्यांची, 2 मिलिग्रॅमची पट्टी खाली पडली. त्याने आयुष्यात विडीसुद्धा ओढलेली नाही. "अगं मावशी, तंबाखू थोडीच आहे ही? याने लक्ष लागतं," असे तो म्हणाला आणि तेवढ्यात त्याला उचकी लागली. ही गम साध्या गमसारखी भराभर चावली, की निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते. उचकी आणि मळमळ त्यामुळेच होते.

मी औषधशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे त्याचे म्हणणे निव्वळ खोटे आहे असे मला म्हणता येईना. आपल्या मेंदूत जागरूकतेसाठी अ‍ॅसिटिलकोलिन नावाचे द्रव्य ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागांवर, काम करते, त्यांतल्या एका प्रकारच्या ग्राहींवर निकोटिन थेट जाऊन बसते. धूम्रपान करणाऱ्यांवरचे प्रयोग मात्र फसवे ठरतात, कारण काही तास सिगारेट न मिळाल्याने विस्कटलेले त्यांचे लक्ष निकोटिन मिळताच पूर्ववत होते, आणि ही भरपाईच आपल्याला वाढ वाटते. म्हणून 2010 साली संशोधक हाइशमन आणि सहकाऱ्यांनी 41 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास करताना धूम्रपान न करणारे किंवा तलफेने व्याकूळ नसलेले लोकच विचारात घेतले. सावधपणा आणि प्रतिसादाचा वेग यांत त्यांना खरोखरच सुधारणा दिसली.

पण ही सुधारणा पडद्यावर खूण दिसताच बटण दाबण्यासारख्या कामांतली आहे. राज्यघटनेची कलमे समजून घेणे ही वेगळी गोष्ट. 2012 साली संशोधक न्यूहाउस आणि सहकाऱ्यांनी स्मृती किंचित मंदावलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या 74 वृद्धांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ज्यांनी सहा महिने रोज त्वचेवर निकोटिनचा 15 मिलिग्रॅमचा पॅच लावला, त्यांचे लक्ष सुधारले, मात्र डॉक्टरांनी केलेल्या एकंदर मूल्यमापनात ठळक फरक आढळला नाही.

भाचा बावीस वर्षांचा आहे. या वयात मेंदूचा पुढचा भाग अजून पक्का होत असतो, आणि निकोटिन वारंवार मिळाले की ग्राहींची संख्या वाढून मेंदू त्याचीच वाट पाहू लागतो. मला काळजी वाटते ती याची. शिवाय निकोटिन झोप उडवते, आणि दिवसभर वाचलेले मनात ठसते ते झोपेतच. मी त्याला विचारले, "किती तास झोपतोस?" तो म्हणाला, "साडेचार." मग पट्टी त्याने स्वतःच टेबलावर ठेवली.