दुसरी रेघ

आमचं आरोग्य केंद्र चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. ती रात्री कळा देत आली. आठच दिवसांपूर्वी सुरतेहून माहेरी आलेली. तपासणीचा कागद एकही जवळ नाही. बोटातून रक्त घेऊन हिपॅटायटिस बीचं, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या काविळीच्या विषाणूचं, तपासणी कार्ड लावलं. पंधरा मिनिटांनी पाहिलं तर दुसरी रेघ, म्हणजे लागणीची खूण, उमटलेली. फिकी, पण होती.

पहाटे सव्वापाचला मुलगी झाली.

आईकडून जन्मताना हा विषाणू मिळालेल्या दहापैकी नऊ बाळांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम करतो. मोठ्या माणसाचं तसं नाही, बहुतेकांचं शरीर त्याला घालवतं. म्हणून पहिली लस २४ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. मी कुपी काढली. गोठलेली लस वाया जाते, म्हणून आधी उजेडात धरून पाहिली, तेवढ्यात आजी आडवी आली.

"आज जन्मेल पोरले सुई कसाले व माय?"

मी कावीळ म्हणताच तिचा चेहरा उतरला. तिचा मोठा मुलगा काविळीत गेला होता. माळ घातली, चुन्याच्या पाण्यात हात धुतले, शेवटी पोटात पाणी भरलं. त्याला नेमकं काय होतं, आता कुणीच सांगू शकणार नाही. मी तिला खाली बसवलं आणि तिच्याच मांडीवर बाळ दिलं. अंगठ्याएवढी जाड मांडी, त्यात अर्धा मिलिलिटर.

अशा बाळाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागतं. ते आमच्याकडे नव्हतं. जोखमीची बाळंतीण अशी रात्री येते, मग ते इंजेक्शन जिल्ह्यालाच का ठेवायचं, हा माझा राग अजून गेलेला नाही. जळगावला फोनवर फोन केले. दुपारी सव्वाबाराला बर्फाच्या डब्यातून ते आलं. सात तास. दुसऱ्या मांडीत दिलं.

तोवर आई बाळाला छातीशी घेत नव्हती, दुधातून जाईल या भीतीनं. "पाज गं, दुधानं काही होत नाही," म्हणत मीच बाळ लावून दिलं.

२०३० पर्यंत हा रोग हटवायचं जगानं ठरवलंय. २०१८ पासून आपल्याकडेही सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषध फुकट आहे. तिला पुढच्या तपासण्यांची चिठ्ठी दिली, नवऱ्यालाही बोलवायला सांगितलं. पुढच्या लसी सहा, दहा, चौदा आठवड्यांनी. तारखा बाळाच्या लसीच्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिल्या.

निघताना आजीनं पदरातून बोट पुढे केलं. "मनी बी तपासणी करी ले, ताई."