माझा आणि ब्राचा छत्तीसचा आकडा

पुण्यात होते तोवर मला माझी साईझ माहीत होती, म्हंजे मला तसं वाटायचं. तुळशीबागेत गेलं की काउंटरपलीकडचे काका एकदा बघायचे, "छत्तीस ना?" म्हणायचे, आपण मान खाली घालून हो म्हणायचं आणि खोका पेपरात गुंडाळून पिशवीत. कपबिप कोणी विचारलाच नाही कधी.

मग नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे जर्मनीत आलो. इथल्या दुकानातल्या बाईने टेप घेऊन छातीच्या खाली घट्ट मोजलं, 80 सेंटीमीटर, मग वर सैलसर मोजलं, 95, आणि हातात 80B ठेवली. मी मनातल्या मनात हिशोब करत बसले की 36 इंच म्हणजे तर 91 सेंटीमीटर होतात, मग ही 80 कुठून आणतेय, मला बारीक समजतेय की काय (समजली असती तर बरंच होतं म्हणा). घालून बघितली तर अगदी फिट्ट.

घरी येऊन डोकं लावलं तेव्हा कळलं की जर्मनीत पट्ट्यावरचा आकडा म्हंजे टेपवर जे दिसलं तेच, पण आपल्याकडे जी पद्धत आली ती ब्रिटन अमेरिकेची, तिथे जुन्या हिशोबाप्रमाणे खालच्या मापात चार-पाच इंच वाढवून आकडा काढायचे. माझं खालचं माप साडेएकतीस इंच, त्यात साडेचार टाका, झाले 36! म्हंजे इतकी वर्षं मी जो आकडा सांगत होते तो माझ्या अंगावर कुठेच नव्हता, टेप लावून बघा हवं तर.

इथवर ठीक होतं, पण मग आम्ही पॅरिसला गेलो आणि तिथे सेल लागला होता. मी हुशारीने 80B शोधली, ट्रायल रूमला रांग होती म्हणून तशीच घेतली, हॉटेलवर येऊन घातली तर हुकाची दोन टोकं एकमेकांना बघायलाही तयार नाहीत, चार बोटांचं अंतर. फ्रान्समध्येही सेंटीमीटरच, पण ते खालच्या मापात 15 मिळवतात! म्हणजे माझी तिथली साईझ 95, आणि मी जी उचलली ती जर्मनीतली 65, आपल्याकडची 30. स्पेन आणि बेल्जियममध्येही हेच. सेलचा माल परत घेत नाहीत, त्यामुळे ती अजून कपाटात आहे, लेस फार सुंदर आहे हो. इटलीत जर्मनीतल्या 80 ला 4 म्हणतात आणि ऑस्ट्रेलियात 14, ड्रेसच्या नंबरासारखं.

कपाचं वेगळंच, ते अक्षर वरच्या आणि खालच्या मापातल्या फरकावरून ठरतं. D पर्यंत सगळे साधारण एकत्र चालतात आणि मग वाटा फुटतात. ब्रिटनमध्ये D नंतर DD, मग E, F, FF, G असं जातं, अमेरिकेत DD नंतर DDD, आणि युरोपात सरळ D, E, F, G. माझी मावसबहीण लंडनला असते, तिची E, ती इथे आली आणि E मागितली तर लहान पडली, कारण इथे तिला F लागते. ब्रिटन-अमेरिकेत एक अक्षर म्हणजे एक इंच, युरोपात 2 सेंटीमीटर, जपानमध्ये अडीच, आणि जपानी लोक अक्षर आधी लिहितात, B80 असं. शिवाय त्यांचा A 10 सेंटीमीटरच्या फरकापासून सुरू होतो, त्यामुळे माझा 15 चा फरक इथे B आणि तिथे C. जपानी ऑनलाईन दुकानातून मागवणार असाल तर आधी हे बघा.

आणि एक, पट्टा एक साईझ कमी केला की कप एक अक्षर वाढवायचा. 36B, 34C, 38A या तिन्हींची वाटी सारखीच असते, नुसता पट्टा वेगळा. पाठीमागे पट्टा वर सरकत असेल तर पट्टा सैल आहे, खांद्याच्या पट्ट्या ओढून काही होत नाही, मी दहा वर्षं ओढल्या.

मागच्या आठवड्यात आईसाठी घ्यायची होती म्हणून फोन केला. ती अजूनही बॉडीच म्हणते. "अगं छत्तीसच की, नेहमीची." म्हटलं आई, आत्ता मोज, छातीच्या खाली, श्वास सोडून. शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधून टेप शोधण्यात दहा मिनिटं गेली, मग आवाज आला, "पंच्याऐंशी दिसतंय." म्हंजे 38. मग हळूच म्हणाली की रात्री पाठीवर वळ उठलेले असतात रोज, मला वाटायचं सगळ्यांनाच होतं.

85B च्या दोन घेतल्यात, दिवाळीला नेणार आहे. तिने एवढंच विचारलं, "मग ते तुळशीबागेतले काका इतकी वर्षं काय बघत होते गं?"