तुम्ही विचारलंत म्हणून: आंब्याखाली झुडपं जगतात कशी?

फाटकातून आत आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला. "अहो, आंब्याखाली एवढी झुडपं जगतात कशी तुमची? आमच्याकडे झाडाखाली नुसती माती." दुसरा प्रश्न बहुतेक जण पोटातच ठेवतात, पण नजर खाली वळली की कळतोच: एवढा पाचोळा पडलाय, या झाडत नाहीत की काय?

झाडत नाही, म्हणूनच झुडपं जगतात.

पुण्यातली पानगळ थंडी सरता सरता सुरू होते. शेजारचा देशी बदाम तांबडालाल होतो आणि बघता बघता त्याची अर्धी पानं भिंतीवरून आमच्याकडे. आमच्या आंब्याला मात्र धरबंध नाही. सासऱ्यांनी कोय पेरून वाढवलेलं रायवळ झाड. वर्षभर थोडी थोडी पानं टाकत असतं. पूर्वी मी रोज सकाळी खराटा घेऊन अंगण लख्ख करायचे. पानांबरोबर वरची मऊ मातीही खरवडून निघायची. खाली उरली ती पाय आपटला तर वाजेल अशी जमीन. त्यात लावलेलं रोप दोन-तीन महिने तरारायचं आणि मग मान टाकायचं. मी सावलीला बोल लावायचे.

सावलीचा दोष असतो, पण फुलं कमी येण्यापुरता. रोप मरतं ते तहानेनं. आंब्याची अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या फूट-दोन फुटांतच पसरलेली असतात. पाऊस भुरभुरला तर तो पानांवरच अडतो, आणि आपण घातलेल्या पाण्यावर पहिला हात झाडाचा. नव्या रोपासाठी खणलेल्या भुसभुशीत खड्ड्यात तर ती मुळं आधी शिरतात. म्हणून मातीवर वीतभर पाचोळा हवा. एप्रिलच्या दुपारी आमच्या तगरीखालचा थर उचलून बघा. वरची पानं पापडासारखी कुरकुरीत, मधली एकमेकांना चिकटलेली, त्यांत पांढरे बुरशीचे धागे, आणि तळाशी काळी, गार, ओलसर माती. एखाद्या बदामाच्या पानाची फक्त शिरांची जाळी उरलेली सापडते.

आंब्याचं पान चिवट आणि मेणचट असतं. अख्खी पानं पसरली तर ती एकावर एक बसतात आणि कौलांवरून ओघळावं तसं पाणी बाजूला जातं. म्हणून मी ती दोन दिवस गच्चीत वाळवते, गोणपाटात भरून पायांनी तुडवते आणि मग पसरून वर पातळ शेणकाला शिंपडते. तरी कुजायला वर्ष लागतं. घाई करण्यात अर्थ नाही.

घाई मी केली होती. अर्धवट कुजलेली पानं मातीत खणून मिसळली आणि महिन्याभरात तगर पिवळी पडली. पान टाकण्याआधी झाड त्यातलं बरंचसं नत्र परत ओढून घेतं. आपल्या हाती येतं ते रसवंतीतलं चिपाड. ते मातीत पुरलं की कुजवणारे जिवाणू आपल्या वाट्याचं नत्र मातीतूनच उचलतात आणि रोप उपाशी राहतं. पाचोळा वरच बरा. खत म्हणून स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड वेगळी द्यायची. दुसरी चूक अनंताच्या बाबतीत. प्रेमानं बुंध्यापर्यंत पानं रचली, जुलैत साल कुजली, गेला. तेव्हापासून खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी.

जास्वंद, गुलाब, मोगरा यांचा नाद सोडा, त्यांना ऊन हवं. आमच्याकडे अबोली, तगर, कुंती आणि अडुळसा सुखात आहेत, मोरीच्या पाण्याजवळ सोनटक्का. अबोली उन्हातल्यापेक्षा कमी फुलते, एक वेणी भरायला दोन दिवसांची फुलं साठवावी लागतात. रोप लहान आणावं, पाऊस लागला की लावावं, जाड मूळ आडवं आलं तर तोडू नये, खड्डा हातभर सरकवावा. उजेडासाठी आंब्याची फांदी तोडायची म्हणत असाल, तर १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे शहरात आधी महापालिकेची परवानगी काढावी लागते.

पाचोळा पेटवू तर मुळीच नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड सांगितला आहे, आणि दंड नसता तरी तो धूर शेवटी आपल्याच घरात येतो. जास्त झाला तर देऊन टाका. पुण्यात अदिती देवधर यांनी सुरू केलेल्या 'ब्राउन लीफ'मधून पानं नको असलेले आणि हवी असलेले एकमेकांना सापडतात. मी घेणाऱ्यांतली.

कटकटी आहेतच. सातभाईंची टोळी किडे शोधताना सगळी पानं उलटीपालटी करून वाटेवर उडवते. पावसाळ्यात द्रोणासारखी वळलेली बदामाची पानं पाणी धरतात, डास नकोत म्हणून ती चुरडावी लागतात. आणि साप? तो तिसरा प्रश्न, जाता जाता दबक्या आवाजात विचारलेला. आजवर एक धामण दिसली, तीही उंदरामागे. तरी रात्री बॅटरीशिवाय मी तिकडे जात नाही, आणि ओटा व पायवाट रोज सकाळी झाडते, त्याच जुन्या खराट्यानं.